शीवला जाण्यासाठी लावलेली दांडी

भाऊ,

तुमची गाडी अजून आहे. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचल्यावर ती विकून टाकली असती तर बरं झालं असतं, असं तुम्ही म्हणाल. तिच्या बॉनेटखाली मी एक लाल दांडी बसवली आहे. पुढच्या चाकांवरच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरची डोकी इंजिनाच्या दोन्ही बाजूंना जिथे वर येतात ना, तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत ती आडवी बसते. तिला स्ट्रट बार म्हणतात. मुळात ती शर्यतीत पळवायच्या गाड्यांसाठी असते. तुमची गाडी शर्यतीत हरवेल तर फक्त बंद पडलेल्या गाडीला, हे मला माहीत आहे. तरीही लावली. सगळी चाळ तुम्हाला भाऊ म्हणायची म्हणून आम्ही पोरंही भाऊच म्हणायला लागलो आणि वडिलांना बाबा म्हणायचं राहूनच गेलं, पण धाक मात्र दोघांचाही ठेवलात तुम्ही. दांडी बसवताना मी दोनदा मागे वळून पाहिलं.

गाडीला कंपनीनं दिलंय तेवढंच असावं, हा तुमचा कायदा. गिरणी बंद झाल्यावर तुम्ही एका साहेबाची मोठी गाडी चालवायला लागलात, तिच्यात काय काय होतं ते घरी येऊन सांगायचात, आणि स्वतःची ही सेकंडहँड छोटी गाडी घेतलीत तेव्हा तिला साधं सीटकव्हर लावू दिलं नाहीत. आईनं हौसेनं आरशाला लिंबू-मिरच्या बांधल्या, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या सोडून आमटीत घालायला तिच्याच हातात दिल्यात. आमटी चांगली झाली होती, असं ती अजून सांगते. मी त्या गाडीत एक घड्याळ चिकटवलं होतं, ते तुम्ही नखानं खरवडून काढलंत आणि म्हणालात, "वेळ बघायची असेल तर घरी बस." अशा माणसाच्या गाडीत मी ही दांडी घातली, तर त्याला कारणही तसंच हवं. कारण शीवची मावशी.

मावशी आता अंथरुणावर आहे. आईपेक्षा मोठी, त्यात हृदय थकलेलं, कान तर पार गेलेले. त्यामुळे रोज दुपारी दोघींचं जे फोनवर चालायचं ते बंद पडलं. मावशीची सून फोन करते आणि आईला सांगते, "मावशी, सासूबाई काही खात नाहीत. दार उघडलेलं दिसलं की विचारतात, धाकटी आली काय." धाकटी म्हणजे आपली आई, वय वर्षं ऐंशीच्या पुढे. परळहून शीव म्हणजे काही विलायत नव्हे. पण गेल्या वर्षी आई न्हाणीघरात घसरली, पाठीच्या मणक्याला चीर गेली, आणि तेव्हापासून ती बिल्डिंगखाली उतरलेली नाही. डॉक्टर म्हणाले, आता हाड जुळलंय, पट्टा बांधून बसा गाडीत, फक्त दणके नकोत. आईनं त्यातलं "दणके नकोत" तेवढं उचललं. टॅक्सीची सीट खोल असते. मोबाइलवर बोलवायच्या गाडीचा ड्रायव्हर फोनवर बोलतो. मी अ‍ॅम्ब्युलन्सचं नाव काढलं, तर म्हणाली, "कित्याक? मी मेलंय काय?" आणि तुमच्या गाडीबद्दल तिचं मत असं की, "त्यांचो तो खुळखुळो झालोहा. त्येच्यात बसून माझी कंबर मोडूची नाय."

खुळखुळा झालाय हे खरं आहे. खड्ड्यात चाक गेलं की सगळी गाडी एकदा डावीकडे अंग टाकते, मग उजवीकडे, आणि मग कुठेतरी काहीतरी वाजतं. मी हे ऑफिसात बोलले. आमच्या लोअर परळच्या ऑफिसात एक तरुण मुलगा आहे, पगार सगळा गाडीवर घालवतो. तो म्हणाला, "मॅम, स्ट्रट बार लावा. बॉडीचं हलणं एकदम कमी होतं. स्वतःलाच लावता येतो, चार नट काढायचे, चार लावायचे." मी त्यातलं "हलणं कमी होतं" तेवढं उचललं. आईची मुलगी आहे शेवटी. हलणं कमी म्हणजे दणके कमी, दणके कमी म्हणजे कंबर शाबूत, कंबर शाबूत म्हणजे शीव. त्याच दुपारी मागवून टाकला.

खोकं आलं ते स्वयंपाकघरात उघडलं, कारण आमच्या घरात कात्री तिथेच असते. आत लालभडक दांडी, दोन्ही टोकांना भोकं असलेल्या जाड लोखंडी पट्ट्या. तुमचे जावई खोक्यातले कागद वाचत बसले. ते कशाचाही कागद आधी पूर्ण वाचतात, औषधाचा तर दोनदा. आई भाजी निवडत होती, तिनं दांडीवरून हात फिरवला आणि विचारलं, "पंचे वाळत घालूक?" मी म्हटलं, गाडीला लावायची आहे, म्हणजे तुला शीवला न्यायला दणका बसणार नाही. तिचा हात तिथेच थांबला. मग ती परत भाजी निवडायला लागली आणि म्हणाली, "पंच्यांका बरी होती." तिचा तो थांबलेला हात मी तेव्हा पाहिला, पण मला त्याचा अर्थ लागला नाही. मला वाटलं, तिला रंग आवडला नाही.

रविवारी सकाळी आम्ही दोघं खाली उतरलो. तुम्ही माझ्या रुखवतात ठेवलेला पान्यांचा सेट घेऊन. आठवतं ना? करंज्यांचं ताट, मण्यांची तोरणं, साखरेची तुळस, आणि मधोमध निळ्या मखमलीवर मांडलेले चकचकीत पाने. सासूबाईंना वाटलं की चुकून सुताराची पेटी राहिलीय, त्यांनी ती टेबलाखाली सरकवली. तुम्ही वाकून काढलीत आणि परत साखरेच्या तुळशीशेजारी ठेवलीत. असं तीन वेळा झालं म्हणे. मला तेव्हा इतकी लाज वाटली होती की मांडवातून उठून जावंसं वाटलं. आता सांगते, त्या रुखवतातलं आजमितीला वापरात असलेलं तेवढंच आहे. साखरेच्या तुळशीला मुंग्यांनी केव्हाच मोक्ष दिला.

कागदात लिहिलं होतं की गाडी जॅकवर उचलायची नाही, चाकं जमिनीवर असतानाच वरचे नट काढायचे. जावयांनी हे मोठ्यानं वाचलं. मला ते वाचायची गरज नव्हती. कॉटन ग्रीनच्या गोदामांमागे रविवारी रस्ता मोकळा असायचा, तिथे तुम्ही मला गाडी शिकवायचात आणि मध्येच बॉनेट उघडून धडा घ्यायचात. "ह्या नटांवर गाडीचं पुढचं अंग उभं आहे. वजन चाकावर असताना हात लाव, हवेत असताना लावलास तर खालून सगळं निसटेल." मी तेव्हा लक्ष दिलं नव्हतं. माझं लक्ष, आपल्या बिल्डिंगमधलं कुणी बघत नाही ना, याकडे. क्लचवर पाय ठेवून बसले की तुमचं ठरलेलं, "क्लच आहे, पायपुसणं नव्हे." हे वाक्य इतकं ऐकलंय की अजूनही दारात कुणाच्या घरी पायपुसणं दिसलं की माझा डावा पाय उचलला जातो.

पहिला नट निघेना. गंजून एकजीव झाला होता. जावई वर जाऊन खोबरेल तेलाची बाटली घेऊन आले आणि माझ्या आक्षेपाला न जुमानता त्यांनी नटाला चंपी केली. दहा मिनिटं थांबा, म्हणाले, मुरू दे. मी हसले. दहा मिनिटांनी नट सुटला, आणि तेव्हापासून ते माझ्याशी जरा वरच्या पट्टीत बोलतात. मग एक वायसर माझ्या हातातून निसटून इंजिनाच्या पोटात गेला. तो काढायला फ्रिजवर चिकटवायचं, कणसाच्या आकाराचं शोभेचं चुंबक दोऱ्याला बांधून आत सोडलं. मासे धरायला बसल्यासारखी आम्ही दोघं बॉनेटमध्ये डोकी घालून बसलो होतो, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून विचारत होता, काय पडलं. चहाची वेळ होईपर्यंत बघ्यांतून पाच सल्लागार तयार झाले, त्यांतल्या चौघांकडे गाडी नाही. शेवटी दांडी बसली. एका बाजूला बॅटरीचा क्लँप आडवा येत होता, तो थोडा वाकवला. बॉनेट लागेल की नाही याचीच मला भीती होती. लागलं. भाऊ, खरं सांगते, छान दिसत होती. म्हाताऱ्या माणसानं सणाला लाल फेटा बांधावा तशी.

मग चाचणी. आईच्या जागी कोण बसणार? जावयांनी आईचा कमरेचा पट्टा बांधला, तिची उशी पाठीशी घेतली आणि पुढे डावीकडे आजीसारखे हात मांडीवर ठेवून बसले. मी हिंदमातापर्यंत गेले आणि परत आले. पहिल्याच खड्ड्यात जो ठोका बसला तो थेट माझ्या दातांत. पूर्वी गाडी अंग टाकून खड्डा गिळायची, आता ती ताठ झाली होती आणि आलेला दणका जसाच्या तसा आमच्या हवाली करत होती. जावयांना विचारलं, तर त्यांचा डोळा लागला होता. त्यांना चक्कीवर बसवलं तरी झोप लागते, त्यांचा पुरावा कशालाच चालत नाही. येताना गॅरेजवाल्याला दाखवलं. त्यानं बॉनेट उघडलं, दांडीकडे पाहिलं, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "मॅडम, रेस लावताय? ही वळणावर गाडी घट्ट राहावी म्हणून असते. खड्ड्याशी हिचा संबंध नाही. उलट आता जास्त कळेल." मी विचारलं, मग म्हाताऱ्या माणसाला दणका लागू नये म्हणून काय लावतात? तो म्हणाला, "सावकाश चालवतात."

रोगापेक्षा इलाज भयंकर झाला, हे घरी येऊन आईला सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. सांगितलं. आणि आई खूश झाली. तिनं लपवायचा प्रयत्न केला, पण तिचा उजळलेला चेहरा मी पाहिला. "मी सांगितलेलंय," म्हणाली आणि उठून स्वतः चहा टाकायला गेली. पाठ धरून का होईना, पण गुणगुणत. तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं, आई, तुला जायचंच नाही का? मावशी रोज विचारते गं. चहाला उकळी आली, तिनं गॅस बारीक केला, परत मोठा केला, परत बारीक केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिचो जीव माझ्यात अडाकलोहा. माझी वाट बघता म्हणान थांबलीहा ती. मी जावन इलंय काय ती सुटतली." आणि मग, "म्हणान जाणंय नाय."

भाऊ, अमक्याचा जीव तमक्यात अडकलाय, तो येऊन भेटला आणि हातात हात दिला की सुटला, हे आपण चाळीत किती वेळा ऐकलं. गावाहून मुलगा आला, त्यानं पाणी पाजलं, म्हातारा गेला. आई त्याच हिशेबानं चालली होती, फक्त उलटी. इतके महिने ती टॅक्सीच्या सीटला नावं ठेवत होती ती बहिणीला जिवंत ठेवायला. आणि मी पाने घेऊन तिची एकेक सबब दुरुस्त करत निघाले होते. मला तिथेच ओट्याशी रडू आलं. तुमचा तो फडतूस खुळखुळा तिच्या बाजूनं लढत होता आणि मी त्याला दांडी घालून फितवत होते.

मार्ग काढला तो जावयांनी. दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "आई, भेट पूर्ण झाली तर माणूस सुटतो ना? मग पूर्ण करायचीच नाही. अर्धीच भेटायचं आणि उठायचं. एखादं भांडण काढा, रंगात आलं की घरी निघा. उरलेलं पुढच्या रविवारी." मला वाटलं, आई आता पळी फेकून मारते. पण ती विचारात पडली. चहा गाळता गाळता तिनं मनात भांडणं चाळली असावीत, कारण शेवटी म्हणाली, "साडयेचा काढूया. ता काय एका रविवारात संपूचा नाय." मावशीनं आईची जांभळी इरकली मामाच्या लग्नात न विचारता नेसली होती, ते प्रकरण. मामा जाऊनही जमाना झाला.

मग गाडी न्यायची कशी, हे मला सुचलं, आणि त्यात तुमचाच वाटा आहे. आपण गणपती आणायचो तसं. आई पुढे मूर्ती मांडीवर घेऊन, तुम्ही पहिल्या गियरमध्ये, आणि मी नवा फ्रॉक घालून गाडीच्या पुढे चालत, खड्डा आला की हात वर, स्पीडब्रेकर आला की तळवा खाली. एकदा मला पलीकडच्या फुटपाथवर मैत्रीण दिसली म्हणून मी हात हलवला आणि तुम्ही करकचून ब्रेक मारलात. मूर्ती वाचली, पण आरतीच्या आधी तुम्ही म्हणालात, "हात दिलेत ते खड्डे दाखवायला. ओळखी दाखवायला नाही." तर त्या पद्धतीनं. जावई स्कूटरवर पुढे, मी मागे तुमच्या गाडीत पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये, आणि शेजारी आई, पट्टा बांधून, चारी बाजूंनी उशा लावलेली.

श्रावण सरत आलेला. परळ-लालबागमध्ये त्या दिवसांत कोण काय घेऊन चाललंय हे विचारायची पद्धत नाही. पुढे स्कूटरवर एक माणूस हात वर-खाली करत चाललाय, मागे गाडी मुंगीच्या पावलानं, आत पुढच्या सीटवर काहीतरी उशांत बसवलेलं. लोकांनी काय समजायचं ते समजलं. टॅक्सीवाले बाजूला झाले. एका बाईनं पायातली चप्पल काढून नमस्कार केला. आई आधी घाबरली. "माका विसर्जनाक नेतास की काय?" असं तिनं मला विचारलं. मग हळूहळू तिला ते आवडायला लागलं. दादरला सिग्नलवर हवालदारानं आमच्यासाठी बाकीच्या गाड्या थांबवल्या, खिडकीशी आला, हात जोडणार एवढ्यात त्याला आत आई दिसली. तो गोंधळला. आईनं शांतपणे उजवा हात वर करून त्याला आशीर्वाद दिला. तो म्हणाला, "जावा आजी, सावकाश जावा." पुढचे सगळे खड्डे आम्ही हसत पार केले. दणके बसले, नाही असं नाही. आईनं एकदाही तक्रार केली नाही.

मावशी ओळखू येत नव्हती, भाऊ. एवढीशी झालीय. आई तिच्या उशाशी बसली, दोघींनी एकमेकींचे हात धरले, आणि मला वाटलं, झालं, ही पूर्ण भेट होणार. सुनेनं पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात आई मावशीच्या कानाशी वाकली आणि तळमजल्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझी इरकली खय?" मावशीनं डोळे उघडले. "तुझी कसली? आयेन माका दिलेली." मग जे जुंपलं ते ऐकण्यासारखं होतं. आईनं मध्येच घड्याळ पाहिलं, उठली आणि पट्टा घट्ट करत म्हणाली, "उरलेला पुढच्या रविवारी." मावशी उशीवरून मान उचलून ओरडली, "अर्धवट टाकून खय चाललंस?" महिना झाला ही मान तिनं उचलली नव्हती, असं सून म्हणाली. संध्याकाळी पेजही प्यायली.

त्याला आता कितीतरी रविवार झाले. साडी संपली, दागिने चालू आहेत. डॉक्टरांना यात काही अर्थ दिसत नाही, मलाही दिसत नाही, मावशी एक दिवस जाईल हे आम्हाला सगळ्यांना कळतं, आईलासुद्धा. पण शनिवारी संध्याकाळी ती कपाटातून पातळ काढून ठेवते. गॅरेजवाला म्हणतो, दांडी काढून टाका, उगीच कशाला. मी काढलेली नाही. आईनं बिल्डिंगभर सांगितलंय की तिच्या लेकीनं यंत्र बसवलंय, म्हणून तिला शीवला जाता येतं. एक रविवार चुकला तर आता तीच चिडते. तिची पाठ सरळ झालीय. परवा तर तिनं विचारलं, ही गाडी गावापर्यंत जाईल काय.

हे सगळं तुम्हाला कळवावं म्हणून लिहायला बसले आणि लिहिता लिहिता मला भीती वाटायला लागली. तुम्हाला थांबायची सवय नाही. कुठे जायचं असलं की तुम्ही आधी खाली जाऊन गाडी काढायचात आणि हॉर्न वाजवत राहायचात, आणि आई निऱ्या हातात धरून, "इलंय, इलंय," म्हणत जिना उतरायची. केस विंचरायचे राहिले तरी चालतील, पण तो हॉर्न तिला थांबवून धरता आला नाही कधी. तुमचाही जीव कुणात अडकला असेल तर तो तिच्यातच असणार. तेव्हा हे पत्र मी कुठेच ठेवत नाही, तुमच्या हार घातलेल्या फोटोमागे तर नाहीच. आई आता घराबाहेर पडू शकते, हे तुम्हाला कळायला नको आहे मला. कुणी विचारलंच तर तिची कंबर अजून दुखते, असंच सांगेन.